पावसाळी गजाली: सध्या काय बघताय, काय खेळताय? (दर्या, होडी आणि बोली असलेलं आधी)

दर्यावर्दी_मालवण
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या शाकारून झाल्या, वीज येते-जाते, आणि घराघरांत पडदे चालू आहेत. तेव्हा या दोन महिन्यांचा धागा उघडतोय. एकच विनंती: नुसतं 'भारी आहे, बघाच' लिहू नका. काय जमलंय, काय फसलंय आणि का फसलंय ते लिहा. किनाऱ्यावरच्या माणसाला पडद्यावरचं पाणी खोटं असेल तर दोन मिनिटांत कळतं, म्हणून दर्या असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करू.

माझ्याकडून 'ड्रेज' हा व्हिडिओ गेम. न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा, २०२३ चा. कर्जाची छोटी बोट, आजूबाजूला बेटं, दिवसा मासे पकडायचे, रात्री धुक्यात भलतंसलतं दिसायला लागतं. भयकथेचा भाग बरा आहे, पण खरी करामत मालाच्या चौकटींत आहे. बोटीचा हुल (सांगाडा) म्हणजे चौकोनांची जाळी. मासा, इंजिन, गळ, दिवा, सगळं त्याच जाळीत वेगवेगळ्या आकारांनी बसतं. मोठं इंजिन लावलं की वेग वाढतो आणि तेवढी जागा जाते. दोन सिलिंडरवरून चारवर जाताना खऱ्या होडीवाल्याला हाच हिशेब करावा लागतो.

नवीन लोकांची चूक इथे होते. खडकावर आपटलात की जाळीतल्या एखाद्या चौकोनाला भोक पडतं. त्या चौकोनात मासा असेल तर तो गेला. इंजिन किंवा गळ असेल तर दुरुस्ती होईपर्यंत बंद. म्हणून भरल्या बोटीने रात्री खडकांजवळून जायचं नाही. बंदरावर आधी माल उतरवा, मग पैसे राखून दुरुस्ती करा आणि त्यानंतरच पुढचं बेट.

सुरुवातीचे संशोधनाचे भाग (ते देऊन नवं सामान उघडतं) चार ठिकाणी वाटून टाकू नका. आधी इंजिन. वेग वाढला की अंधार पडायच्या आत परत येता येतं आणि बाकीच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

खाडीकाठ_राजापूर
दादा, गळांचं सांगायचं राहिलं. 'ड्रेज'मध्ये प्रत्येक गळ ठरावीक पाण्याचा असतो: किनाऱ्यालगतचा, उथळ, खोल समुद्राचा, खारफुटीचा, ज्वालामुखीजवळचा. ज्या पाण्याचा गळ नाही तिथला मासा दिसतो, पण लागत नाही. 'गेम अडकला' म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. ट्विस्टेड स्ट्रँड हा खारफुटीचा भाग आहे. खारफुटीचा गळ नसताना तिथे गेलात तर इंधन नाही पण दिवस फुकट जातो, आणि या खेळात दिवस हेच भांडवल.

आणखी एक. वेळ फक्त बोट चालवताना किंवा काम करताना पुढे सरकतो. बोट थांबवून नकाशा बघा, चौकोनांतला माल पुन्हा मांडा, घाई नाही. गळ टाकल्यावर हिरव्या पट्ट्यात बटण दाबलं तर मासा लवकर येतो. चुकलात तर मासा सुटत नाही, फक्त जास्त वेळ जातो. संध्याकाळी पाच वाजता मात्र तेवढा वेळ महाग पडतो.

खेकड्यांचे पिंजरे लावून विसरू नका. ते झिजतात. अधूनमधून बंदरावर नेऊन दुरुस्त केले नाहीत तर पिंजरा मोडून जातो.

हर्णै_बंदर
चांगला खेळ आहे, मान्य. पण भरती-ओहोटीच नाही! बेटांच्या मधल्या अरुंद वाटांतून कुठल्याही वेळी बोट जाते. आपल्याकडे खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओहोटीला पार करून दाखवा. तिथे उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी एक पाणी, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी दुसरं.

जुना हिशेब नव्या मुलांसाठी लिहून ठेवतो: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तर सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. मुंबई-रायगडच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं, खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती आधी येते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे सोपं रूप. एवढा साधा नियम खेळात घातला असता तर त्याच बेटांना दुप्पट अर्थ आला असता. रात्रीची भीती आहेच, पण 'आता पाणी उतरणार' ही भीती जास्त खरी.

दर्यावर्दी_मालवण
काका, हे शंभर टक्के पटलं. मासा शिळा होत जातो आणि भाव पडतो, एवढं त्यांनी घातलंय. पण बर्फ हा रोजचा खर्च म्हणून कुठेच नाही. मासळीएवढा बर्फ लागतो, कधी जास्त. जाळीतली निम्मी जागा बर्फानेच खाल्ली असती.

सुरंगीचो_वळेसार
दर्या म्हणालात म्हणून 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' सांगते. २०१८ चा, लुकास पोप यांचा. १८०२ मध्ये निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०७ मध्ये एकही जिवंत माणूस नसताना परत येतं. आपण विम्याचे निरीक्षक. ६० जणांपैकी प्रत्येकाचं नाव, तो कसा गेला आणि कोणाच्या हातून गेला, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं. ते मृतदेहाजवळ उघडलं की मरणाचा क्षण गोठलेला दिसतो आणि त्याच्या आधीचं बोलणं ऐकू येतं.

गोष्ट फोडत नाही, फक्त पद्धत सांगते.

तिघांची माहिती बरोबर भरली की ती पक्की होऊन छापली जाते. त्यामुळे दोघांबद्दल खात्री असेल तर तिसऱ्याच्या जागी एकेक पर्याय घालून बघता येतो. तो मार्ग शेवटच्या दहा-बारा माणसांसाठी ठेवा. आधी वापरलात तर खेळाचा जीवच जातो. वहीतल्या चित्रात चेहरा धूसर असेल तर त्याला ओळखण्याइतका पुरावा अजून तुमच्या हाती आलेला नाही. चेहरा स्पष्ट झाला की थांबून विचार करा. चेहऱ्याखालचे त्रिकोण किती अवघड ते सांगतात: एक सोपा, तीन कठीण.

बहुतेक जण माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत बसतात. त्याऐवजी कपडे, बूट, टोप्या, कोण कोणाच्या शेजारी काम करतो, जेवायला कोण कुठे बसतो, हे बघा. झोपण्याच्या झोळ्यांवर आकडे असतात आणि तेच आकडे खलाशांच्या यादीत आहेत. यादीत प्रत्येकाचा देश आहे, आणि त्यात हिंदुस्थानातले खलाशीही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या गोऱ्यांच्या जहाजांवर गेली. इंग्रजीतला 'लस्कर' हा शब्द याच कामकऱ्यांसाठी होता. म्हणून या यादीपाशी मन थांबतं. कंपनीच्या कागदात ते आकड्यापुरते असतात, आणि हा खेळ तुम्हाला त्यांच्यातल्या एकेकाचं नाव शोधायलाच लावतो.

चित्र फक्त दोन रंगांचं, ठिपक्या-ठिपक्यांचं. डोळे दुखले तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरचे वेगवेगळे रंग आहेत, त्यातला हिरवट किंवा तपकिरी घ्या. आणि हेडफोन हवाच. बोलण्याची ढब हाच अर्धा पुरावा आहे.

चिंबोरी_रेवस
ताई, आजच घेतो. चारपाच जण मिळून खेळायचं असेल तर 'सी ऑफ थीव्ज' हा चाच्यांचा ऑनलाइन गेम कसा? चुलतभाऊ म्हणतात घेऊया.

हर्णै_बंदर
वारा त्यात चांगला केलाय. पाण्यावर वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात, शीड त्या दिशेला फिरवायचं, पूर्ण फुगलं की आवाजावरून कळतं. तिन्ही जहाजांचे स्वभाव वेगळे: छोटी स्लूप वाऱ्याच्या तोंडावर सगळ्यांत वेगवान, मोठं गॅलियन पाठीमागून वारा असेल तर. पाठलाग सुटवायचा तर स्लूपवाल्याने तोंड वाऱ्याकडे करावं. मोठ्या जहाजाला तिथे धाप लागते.

बंदराजवळ नांगर टाकून थांबू नका. शीड वर घेऊन थांबा. नांगर एका क्षणात पडतो, वर ओढायला वेळ लागतो, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी तोफ डागतं. भोक पडलं तर आधी खालच्या मजल्यावरची भोकं फळीने बंद करा, मगच बादलीने पाणी उपसा. उलटं करणारे बुडतात. स्लूप दोघांची, ब्रिगँटाईन तिघांची, गॅलियन चौघांची. पाचवा बाहेर बसेल, हे आधीच ठरवून घ्या.

सततचं नेट लागतं. पावसात रेंज डळमळली की समोरचं जहाज उड्या मारत येतं आणि तोफेचा नेम कधीच लागत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा खेळ घेऊ नका.

रेवदंडा_खाडी
मालिकेकडे वळतो. 'शोगुन', २०२४, दहा भाग. त्या वर्षी एमीमध्ये १८ पुरस्कार मिळाले, एका हंगामासाठी तो विक्रम आहे. सन १६०० मध्ये वादळाने मोडलेलं डच जहाज जपानला लागतं, त्यावर एक इंग्रज सुकाणूवाला असतो. मूळ माणूस विल्यम अॅडम्स, जहाज 'लीफ्दे'.

बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवली नाही तर निम्मी मालिका निसटते. पडद्यावर तो इंग्रज आणि पोर्तुगीज पाद्री जे इंग्रजी बोलतात, ती गोष्टीत पोर्तुगीज आहे. जपानी मात्र जपानीच. त्यामुळे मारिको जेव्हा दुभाषी म्हणून बोलते, तेव्हा आपल्याला दोन्ही बाजू कळतात आणि ती मधल्यामध्ये काय गाळते, काय मऊ करते तेही दिसतं. डब करून बघितलंत तर सगळी मालिका सपाट होते. मूळ आवाज ठेवा, उपशीर्षकं लावा, मोठ्या पडद्यावर बघा. मोबाईलवर अक्षरं आणि चेहरा दोन्ही एकदम वाचता येत नाहीत.

आमच्या बाजूला हे जास्त जवळचं वाटतं, कारण कोर्लईत पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली आजही घरात बोलतात. किल्ला समोर उभा आहे. मालिकेतलं पोर्तुगीजांचं व्यापारी 'काळं जहाज' गोवा, मकाव, नागासाकी अशा वाटेवरचं. ती वाट आपल्या किनाऱ्याला लागूनच सुरू होते, आणि गोव्याचं नाव न घेता ही गोष्ट सांगता येतच नाही.

दोष? पहिल्या भागातलं वादळ उत्तम, पण पुढे समुद्र जवळजवळ संपतो आणि बंद दालनांतलं राजकारण राहतं. दर्यासाठी बघणाऱ्याने पाचव्या भागापर्यंत धीर धरावा. तोवर भाषेचा डाव इतका पकडतो की पाण्याची उणीव जाणवत नाही.

खाडीकाठ_राजापूर
बोलीचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरच्या मालिकेबद्दल बोलू. 'रात्रीस खेळ चाले'. पहिला भाग २०१६, दुसरा २०१९, तिसरा २०२१. चित्रण आकेरीत, सावंतवाडीजवळ. दुसरा भाग हा पहिल्याच्या आधीची गोष्ट आहे, म्हणून नव्याने बघणाऱ्याने दुसऱ्यापासून सुरू केलं तरी चालतं. माझ्या मते तेच करावं. अण्णा आणि शेवंताचं वजन तिथेच तयार होतं. पहिला भाग नंतर बघितला की वाडा ओळखीचा वाटतो.

सुरंगीचो_वळेसार
ता खरा, पण मालवणीचा काय? माका वाटता, सगळ्यांका समजूक व्हया म्हणून बोली थोडी धुवून घेतली हा. 'खय गेललंस', 'कित्याक' हे शब्द आहेत, पण वाक्याचा उतार बऱ्याच ठिकाणी पुण्या-मुंबईचा. माई आणि पांडूच्या तोंडी मात्र तो उतार बरोबर येतो. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. म्हणूनच त्याचं विसरणं आणि अर्धवट वाक्यं लिहिलेली वाटत नाहीत, ऐकलेली वाटतात.

देवगड_सडा
रात्रीची दृश्यं आमच्या टीव्हीवर काळा डबा दिसतात. माडाच्या मागे कोण उभं आहे तेच कळत नाही. टीव्ही बदलावा का?

रेवदंडा_खाडी
टीव्ही बदलू नका, आधी सेटिंग बघा. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड असेल तर 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' आणि 'इको' किंवा 'पॉवर सेव्हिंग' बंद. इको मोड खोलीतला उजेड बघून पडदा मंद करतो, पावसाळ्यात दुपारीही तेच होतं. मग 'ब्राइटनेस' एकेक पायरी वाढवा, काळे केस आणि काळी भिंत वेगळी दिसायला लागली की थांबा. त्यापुढे गेलात तर काळा राखाडी होतो. 'बॅकलाइट' वेगळा असतो, तो खोलीच्या उजेडाप्रमाणे.

एवढं करूनही अंधारात चौकोनी ठिपके दिसले तर दोष नेटचा आहे. वेग कमी पडला की प्रवाह दाबून पाठवतात, आणि दाबताना सगळ्यांत आधी अंधारातले बारकावे मरतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०१९ मधल्या लढाईच्या रात्रीच्या भागावर जगभर हीच तक्रार झाली होती. उपाय म्हणजे भाग आधी डाउनलोड करून बघणे. नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, ४केला ७ जीबीपर्यंत जातात, त्या हिशेबाने प्लॅन बघा. डाउनलोड केलेले काही भाग पहिल्यांदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपतात, त्यामुळे उघडून ठेवून देऊ नका.

चिंबोरी_रेवस
मोठा गेम उतरवायला किती वेळ धरायचा? 'बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी जागा मागतात.

दर्यावर्दी_मालवण
४० एमबीपीएसची लाइन असेल तर १५० जीबीला साधारण साडेआठ तास, तेही अखंड. रात्री दहाला लावा, सकाळी तयार. वीज गेली तर स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) उतरलेला भाग फुकट जात नाही, तिथून पुढे सुरू होतं.

रेंज जाणार हे धरूनच चाला. स्टीमवर गेम नेट असताना एकदा सुरू करून बंद करा, सगळे अपडेट संपू द्या, आणि मग मेनूतून ऑफलाइन मोडमध्ये जा. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू असलं पाहिजे. हे आधी केलं नाही तर नेट गेल्यावर विकत घेतलेल्या गेमलाही कुलूप दिसू शकतं.

हर्णै_बंदर
विजेचा हिशेबही एकदा मांडून ठेवू. पीएस५ मोठ्या गेमला २०० वॅटच्या आसपास, ४३ इंची एलईडी टीव्ही १०० च्या आत, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०. म्हणजे ३२०. घरच्या इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल तर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, वर इन्व्हर्टरची गळती धरली की हाती येतात साधारण ११५०. साडेतीन तास. पंखे आणि दिवे त्यातच आहेत हे विसरू नका, म्हणून अडीच धरा.

इन्व्हर्टरच्या मागच्या बटणावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं असतं. कन्सोल किंवा कॉम्प्युटर असेल तर 'यूपीएस'वरच ठेवा. नॉर्मलवर बदल सावकाश होतो आणि मशीन बंद पडून चालू होतं. सेव्ह होत असताना असं झालं तर फाइल बिघडते. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर चांगल्या पॉवर सप्लायचे कॉम्प्युटर त्यावर कधी कधी बंद पडतात. साइन वेव्हचाच घ्या.

विजा चमकायला लागल्यावर बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. डिशची केबलही काढा. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण केबलला आधाराची पोलादी तार असते आणि डब्याचा अॅडाप्टर भिंतीत असतोच. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून आणि उन्हाळ्यात पाणी घालून ओल ठेवावी लागते.

देवगड_सडा
काका, या टिप्पणीसाठी वेगळा धागा हवा. कंट्रोलरची दांडी आपोआप डावीकडे सरकते, तीही खाऱ्या हवेमुळे का?

खाडीकाठ_राजापूर
बहुतेक वेळा दांडीखालची कार्बनची पट्टी झिजलेली असते किंवा तिथे धूळ बसलेली असते. खारी दमट हवा ते लवकर घडवते. आधी गेमच्या सेटिंगमध्ये 'डेडझोन' (दांडीची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती) थोडा वाढवा. मग बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब दांडीच्या बुडाशी टाका, दांडी गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंजरोधक तेलाचा फवारा मारू नका, प्लॅस्टिक आणि पट्टी दोन्ही खराब होतात. पुढचा कंट्रोलर घेताना हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या) दांड्यांचा बघा, त्यात घासणारी पट्टीच नसते.

कन्सोल गरम असताना प्लॅस्टिकच्या आवरणात घालू नका, आत पाणी सुटतं. सुती कापड पुरे. आणि आठवड्यात दोनदा तरी तासभर चालू ठेवा, उष्णतेनेच ओल जाते.

सुरंगीचो_वळेसार
नेट नाही, टीव्ही नाही, फक्त फोन आहे, अशा रात्रीसाठी 'बालात्रो'. २०२४ चा, त्याच वर्षी फोनवरही आला. पत्त्यांचा आहे, पण पैसे लावायचे नाहीत. पोकरचे हात जुळवायचे आणि जोकर विकत घेऊन गुण वाढवायचे. गुण म्हणजे चिप्स गुणिले मल्टिप्लायर. जोडीला १० गुणिले २, फ्लशला (पाचही पत्ते एकाच रंगाचे, जसे सगळे बदाम) ३५ गुणिले ४. पहिल्या पायरीतलं छोटं लक्ष्य ३०० चं, शेवटचा बॉस ६०० चा.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. 'अधिक' करणारे डावीकडे, 'गुणिले' करणारे उजवीकडे ठेवा. मल्टिप्लायर ४ असताना आधी १० मिळवून मग ३ ने गुणलं तर ४२, आधी गुणून मग मिळवलं तर २२. दोन, दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज, जास्तीत जास्त पाच. म्हणजे हातात २५ राहतील असं बघा, दुकानात पहिल्याच फेरीत सगळे उडवू नका.

चिंबोरी_रेवस
ताई, पहिल्या दोन पायऱ्यांना पाच जोकर भरून टाकावेत का?

सुरंगीचो_वळेसार
नको. पहिल्या बॉसपर्यंत एक 'अधिक मल्टिप्लायर' देणारा जोकर पुरतो. दुसऱ्या पायरीत चिप्स देणारा एखादा. 'गुणिले' वाले चौथ्या पायरीच्या पुढे लागतात, तोवर व्याज जमव. आणि फ्लशच करायचा ठरवलास तर टाकायचे पत्ते त्या हिशेबाने टाक: हातात आठ पत्ते, सुरुवातीच्या लाल गड्डीत टाकायच्या चार संधी. पहिल्याच संधीत नको त्या रंगाचे पाचही पत्ते काढ, एकदोन काढून वाट बघत बसू नको.